डाव्या कोपऱ्याकडे जाणारा हात

संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात मी 2004 पासून आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत लहानसे दुकान आहे, हाताखाली दोन मुले आहेत, आणि गिऱ्हाइके म्हणाल तर गुजरीतले सराफ, शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांची कार्यालये आणि मार्केट यार्डातले गुळाचे अडते. वळवाच्या पावसात वीज पडून जळलेले मदरबोर्ड, उंदरांनी कुरतडलेल्या केबली, गुळाच्या अडतीत तर सीपीयूच्या पोटात घर केलेल्या मुंग्या, अशा सगळ्या बिघाडांची मला सवय आहे. इथे सांगतो आहे तो प्रसंग मात्र असा, की त्यात यंत्र ठणठणीत होते आणि चूक माझी होती.

दिवस 26 ऑक्टोबर 2022, दिवाळीचा पाडवा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन सोमवारी झाले, मंगळवारी सूर्यग्रहण आले आणि त्यामुळे पाडवा व भाऊबीज दोन्ही बुधवारी एकत्र पडले. पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झालेला असतो, पहिल्या गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पूजेसाठी मांडलेल्या असतात, आणि मुहूर्ताला मिळालेल्या दराची चर्चा पुढे आठवडाभर गावोगावी चालते. अशा दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एका जुन्या अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. "सर, हिशेब गेला वो. जरा येऊन जावा."

या दुकानाचा संगणक मीच नुकताच बदलून दिला होता. जुन्या यंत्रावर विंडोज 7 होते. त्याच्या सुरक्षा-सुधारणा 14 जानेवारी 2020 ला बंद झाल्या, हे मी मालकांना दोनदा सांगितले होते, परंतु चालणारे यंत्र कोण बदलतो? नवरात्रात एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, जळाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला, तेव्हा कुठे नव्या संगणकाला होकार मिळाला. तो विंडोज 11 सह आला. दिवाळीच्या तोंडावर, शनिवारी संध्याकाळी मी तो बसवला, जुन्या डिस्कवरचा सगळा हिशेब त्यात भरला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर एक कोरी पट्टी छापून दाखवली, आणि निघताना दिवाणजींना म्हणालो, "आण्णा, सगळं तेच आहे. दिसायला थोडं नवीन आहे, इतकंच." त्यांनी मान हलवली. लक्ष्मीपूजनाला त्यांनी त्या संगणकाला हळदकुंकू वाहिले. काम म्हणून तो पहिल्यांदा उघडला गेला तो थेट पाडव्याच्या सकाळी.

मी पोहोचलो तेव्हा ओसरीवर सात-आठ शेतकरी पट्टीची वाट पाहत बसले होते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद: किती रवे, किती वजन, काय दर लागला, हमाली-तोलाई किती वजा झाली आणि हातात किती येणार. दिवाणजी एक्सेलमध्ये ती तयार करत. ज्या फोल्डरमध्ये ही पट्टी होती त्यातच शेतकऱ्यांची नावे, गावे, बँक खाती आणि प्रत्येकाने हंगामापूर्वी घेतलेली उचल, अशी अनेक वर्षांची माहिती होती. तो अख्खा फोल्डर पडद्यावरून नाहीसा झाला होता. मालक भाऊबीजेला सांगलीला निघाले होते, त्यांना हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर हवी होती, आणि ती देण्याच्या खटपटीत हे घडले होते.

फोल्डर शोधायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. तो रिसायकल बिनमध्ये, म्हणजे काढून टाकलेल्या फाइली साठतात त्या कप्प्यात, पडला होता. तिथून पूर्ववत केला, एक पट्टी उघडून दाखवली, आणि ओसरीवरची कुजबुज थांबली. एरवी मी इथेच तीनशे रुपये घेऊन उठलो असतो आणि संध्याकाळी दुकानात मुलांना हा किस्सा हसत सांगितला असता. पण दिवाणजींचा चेहरा पाहून उठवेना. पस्तीस वर्षे ज्यांच्या हिशेबात पैशाची चूक निघाली नाही, असे मालक ज्यांच्याविषयी अभिमानाने सांगतात, तो माणूस सात-आठ शेतकऱ्यांसमोर मान खाली घालून उभा होता. मी त्यांना म्हणालो, "आण्णा, मघाशी जसं केलंत तसंच पुन्हा करून दाखवा. आता काही जाणार नाही, मी इथं बसलोय."

ते खुर्चीवर बसले. मी मागे उभा राहिलो. खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या पडद्याकडे पाहिले होते, त्याच्या हाताकडे कधी पाहिले नव्हते.

आण्णांचा उजवा हात माऊसवर गेला आणि त्यांनी पडद्याकडे न पाहताच बाण खाली डाव्या कोपऱ्यात नेला. तिथे स्टार्टचे बटण नव्हते. विंडोज 11 मध्ये ते मूळ मांडणीत पडद्याच्या तळाशी असणाऱ्या टास्कबारच्या मध्यभागी आणले आहे, आणि डाव्या कोपऱ्यात हवामानाचे चित्र बसवले आहे. बाण त्याच्यावर नुसता ठरला तरी बातम्यांचा भलामोठा फलक डावीकडून उघडतो. तसा तो उघडला आणि अर्धा पडदा मेलबर्नमधल्या रविवारच्या भारत-पाकिस्तान सामन्याने आणि कोहलीच्या नाबाद 82 धावांनी भरून गेला. "सकाळपास्नं हेच चाललंय बघा," आण्णा म्हणाले. "कोपऱ्यात हात नेला की कोहली येतोय. मालक मागनं गेले, त्यास्नी वाटलं मी मुहूर्ताच्या दिवशी क्रिकेट बघत बसलोय." ओसरीवरचे दोघे-तिघे हसले. आण्णा हसले नाहीत.

पुढची गोष्ट त्याहून बारीक आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पेनड्राइव्हवर प्रत घेण्याची आण्णांची एकच रीत होती. फोल्डरवर उजवी टिचकी मारायची, येणाऱ्या लांब यादीत 'सेंड टू' ही ओळ गाठायची आणि पेनड्राइव्हचे नाव दाबायचे. ही रीत मीच त्यांना बारा वर्षांपूर्वी शिकवली होती. नव्या यादीत 'सेंड टू' वरवर दिसतच नाही. ते 'शो मोअर ऑप्शन्स' या शेवटच्या ओळीच्या आड गेले आहे. आणि कट, कॉपी, डिलीट हे शब्द त्या वेळच्या आवृत्तीत यादीतून पुसलेच गेले होते. त्यांच्या जागी बारीक रेषांची, मुगाच्या दाण्याएवढी चित्रे एका ओळीत आली होती. एक कात्री, एकावर एक दोन कागद, एक चौकट, एक बाण आणि एक झाकणाचा डबा. माऊसचा बाण चित्रावर थोडा वेळ स्थिर धरला तर त्याचे नाव दिसते हे खरे, पण पट्टीसाठी माणसे खोळंबली असताना माऊस कोण स्थिर धरतो?

आण्णांनी त्या चित्रांवरून बोट फिरवले आणि आपला विचार मला समजावून सांगितला. कात्री कापते, म्हणून तिला हात लावायचा नाही. बाण कुठेतरी बाहेर पाठवतो, हिशेब बाहेर जायला नको. राहिला डबा. "आमच्यात जपून ठेवायचं म्हटलं की डब्यातच ठेवत्यात की. झाकण बी दिसतंय. मला वाटलं पेनड्राइव्हसाठी डबा काढलाय."

मला त्या चित्रात कचऱ्याचा डबा दिसत होता, कारण मी वीस वर्षे तो तसाच पाहत आलो आहे. त्यांना त्यात लाडवाचा डबा दिसला, यात त्यांचे काय चुकले ते मला आजही सांगता येणार नाही. शिवाय विंडोज 7 मध्ये काहीही काढून टाकताना संगणक आधी विचारत असे, की हे नक्की काढायचे आहे ना. विंडोज 8 पासून तो प्रश्न मुळात बंद करून ठेवलेला असतो. डबा दाबला आणि फोल्डर मुकाट्याने निघून गेला. जुन्या यंत्रावर त्या प्रश्नाने आण्णांना थांबवले असते.

मग आण्णांनी एक उदाहरण दिले. त्यांनी टेबलाखालची रोजकीर्दीची वही काढली. संगणक आला तरी ती अजून लिहिली जाते. "ही डावी बाजू जमेची, ही उजवी नावेची. आजोबांच्या वक्तापास्नं. मला डोळं झाकून पान उघडू द्या, मी बरोबर जागी आकडा घालतो. उद्या कुणी येऊन म्हणालं, जमा आता मधी घ्या, तर वही चुकंल का मी चुकंन?"

मालकांनाही तेवढ्यात राहवले नाही. ते म्हणाले, "अहो, पण ह्या बदलणाऱ्यांना विचारतंय कोण?" या प्रश्नाला माझ्याकडे अर्धवट उत्तर होते आणि ते मी दिले. स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यात आले ते ऑगस्ट 1995 मध्ये, विंडोज 95 बरोबर. 2012 साली विंडोज 8 मध्ये ते काढूनच टाकले, कारण सगळे जग आता काचेवर बोट फिरवणार असा निर्मात्यांचा अंदाज होता. त्यावर जगभर इतकी ओरड झाली की पुढच्याच वर्षी 8.1 मध्ये बटण परत आणावे लागले. त्या वर्षभरात मी स्वतः किती यंत्रांवर जुना स्टार्ट दाखवणारा फुकटचा प्रोग्रॅम बसवून दोनशे-दोनशे रुपये घेतले, ते मालकांना सांगितले नाही. निर्मात्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. उजव्या टिचकीची यादी खरोखरच फार वाढली होती, कारण प्रत्येक नवा प्रोग्रॅम तीत आपली एक ओळ घुसवत असे. रुंद पडद्यावर डावा कोपरा लांब पडतो, हेही खरे. पण यादी आखूड करणाऱ्याने ती रोज वापरणाऱ्याचा हात कुठे ठरलेला आहे हे विचारात घेतले नाही, आणि ज्या मधल्या माणसाने ते घ्यायला हवे होते तो मीच होतो.

त्यानंतर मी केलेले काम दहा मिनिटांचे होते. सेटिंग्जमध्ये जाऊन टास्कबारवरची बटणे डावीकडे घेतली, हवामानाचे चित्र बंद केले, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक नोंद घालून उजव्या टिचकीची जुनी यादी परत आणली, आणि रिसायकल बिनच्या गुणधर्मात जाऊन काढून टाकण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय चालू केला. एक गोष्ट जमली नाही. एक्सेलच्या चार पट्ट्या एकाच वेळी उघड्या असताना खालच्या टास्कबारवर चारांची नावे वेगवेगळी दिसावीत अशी आण्णांची मागणी होती, आणि तेव्हा विंडोज 11 मध्ये ती सोयच नव्हती. ती 2023 च्या अखेरीस परत दिली गेली. चित्रांखाली नावे यायला तर 2024 ची आवृत्ती उजाडली.

आण्णा पुन्हा बसले. बाण डाव्या कोपऱ्यात गेला, स्टार्ट उघडला, एक्सेल उघडले, आणि प्रिंटरची करकर सुरू झाली. पहिली पट्टी फाडून शेतकऱ्याच्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारले, "सर, एवढं धा मिंटाचं काम होतं, तर शनिवारीच का करून दिलं न्हाई?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरे उत्तर असे होते की खोक्यातून निघालेले यंत्र आहे तसे देण्यात आमचा बचाव असतो. आपण काही बदललेच नाही म्हटल्यावर पुढे काही झाले तर बोट आपल्याकडे येत नाही. दुसरे कारण त्याहून हलके होते. होईल हळूहळू सवय, असे आम्ही गिऱ्हाइकाविषयी परस्पर ठरवून टाकतो, आणि त्या सवयीसाठी लागणारे पंधरा दिवस, त्यातले हेलपाटे आणि चारचौघांतला कमीपणा हे गिऱ्हाइकाच्या खात्यावर पडतात. त्या दिवशीचे तीनशे रुपये मी घेतले नाहीत, पण मालकांनी पूजेतला एक किलोचा गुळाचा रवा बळेच हातात दिला.

आता नवा संगणक बसवला की मी एक तास जादा काढून ठेवतो. काही शिकवत नाही. गिऱ्हाइकाला त्याचे रोजचे काम करायला सांगतो आणि मागे उभा राहून त्याचा हात कुठे जातो ते बघतो, मग यंत्राची मांडणी त्या हाताकडे सरकवता येईल तेवढी सरकवतो. माझ्या हाताखालच्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

पुढच्या पाडव्याला आण्णांनी मला सौद्याला बोलावले होते. टेबलावर रोजकीर्दीच्या शेजारी शाळकरी वही होती आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांनी नव्या यादीतली ती पाचही चित्रे पेन्सिलीने, बऱ्यापैकी हुबेहूब काढून ठेवली होती. जुनी यादी उद्या न सांगता पुन्हा गेलीच, तर तयारी असावी म्हणून. कात्रीपुढे लिहिले होते 'कापणे', दोन कागदांपुढे 'नक्कल'. झाकणाच्या डब्याभोवती लाल शाईने गोल होता आणि खाली वळणदार अक्षरांत: हा आपला डबा नव्हे.