नावाची पिशवी

आज मला आईचा राग आलाय. राग म्हणावा इतका नाहीच तो, पण आत काहीतरी खुपतंय. आणि ज्यावरून खुपतंय ती गोष्ट इतकी लहान आहे की घरात कुणापाशी काढताही येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

दिवस सगळा कामात गेला. मृग तोंडावर आलाय. उजाडताच अंगणातला मांडव सोडवायला घेतला. वरच्या झावळ्या पार चुरल्या होत्या, हात लावला की भुगा डोळ्यांत. दादा खाली उभा राहून वासे धरत होता. त्याची कंबर दुखते, म्हणून त्याला वर चढू दिलं नाही. चांगले वासे गोठ्याच्या माळ्यावर सरकवले, मोडके बंबासाठी एका कडेला टाकले. मांडव निघाला की अंगण एकदम उघडं पडतं आणि आता पाऊस येणार हे खरं वाटायला लागतं.

मग हर्णै. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आईची यादी तोंडपाठ होती: सोडे, बोंबील, जवळा. दादाचं वेगळं बांधून, ताईचं वेगळं बांधून, घरचं एकत्र. तिथून दापोली. आईच्या बीपीच्या गोळ्या, गॅस, वहिनीला हवी होती ती कुळथाची पिठी. पंपाची मोटर रिवाइंडिंगला टाकलेली, ती काही मिळाली नाही, सोमवारी या म्हणाला. गिरणीत तांदूळ झाला होता, तो घेऊन घरी येईपर्यंत पाठ भिजून गेली.

घरी आलो तर ही म्हणाली, विहिरीकडच्या माडाचा कोंब बघून या. जाऊन बघितलं तर नवी झावळी उमलली होती ती कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी. गेंड्या भुंगा. कोंबाच्या बुडाशी भोक, भोकातून ओला चोथा बाहेर आलेला. तारेचा आकडा आत घालून हळूहळू फिरवला तेव्हा तो लागला, काळा, चकचकीत, डोक्यावर शिंग. ओढून काढला तरी पाय झाडत होता. बेचक्यांत डांबरगोळ्या टाकून वर वाळू भरली. जवळच्या दोन माडांनाही तेच केलं. हे माड निसर्ग वादळानंतरचे. आता कुठे खोड धरायला लागलेत. 3 जून 2020 ला सकाळी आगरात पोफळी उभ्या होत्या, संध्याकाळी आगरातून थेट समुद्र दिसत होता. त्यामुळे या तिघांना काही झालं की मला जेवण जात नाही.

हातपाय धुऊन आत आलो, तर आई माजघरात पिशव्या भरत होती.

मे महिन्याच्या शेवटी ती हेच करते, माझ्या जन्माआधीपासून करत असेल. बरण्या पुढ्यात, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, सुतळीचा गुंडा. आमसुलं, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, कुळीथ, सोललेले नारळ, कोकमतेलाचा एक गोळा कागदात गुंडाळून, कारण वहिनीच्या टाचा फुटतात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी. निळ्या पेननं नाव लिहायचं, हात कापतो म्हणून अक्षरं आता मोठी झालीत. एकीवर दादाचं नाव, एकीवर ताईचं. ताईची पिशवी दादा पुण्याला नेणार, तिथून भाचा घेऊन जाणार. मी दाराशी उभा होतो. आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "बरा आलास. ही सुतळी जरा ओढून धर."

मी सुतळी ओढून धरली. तिनं गाठ मारली. आणि तेव्हाच ते आत कुठेतरी टोचलं.

माझ्या नावाची पिशवी नव्हती. ती कधीच नसते. आजवर ती नाही हे कधी दिसलंही नव्हतं, आजच दिसलं. रातांबे मी काढले. सड्यावरच्या झाडाला मुंगळे इतके की दंड अजून सुजलेला आहे. हिनं ते फोडले, बिया वेगळ्या केल्या, रस-मिठात बुडवून उन्हात घालायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा घालायचं. साली काळ्या मऊ होईपर्यंत एकेका पुटाची वाट बघितली. मळभ आलं की सगळं उचलून पडवीत. आंब्याच्या रसाची ताटंही तशीच आत-बाहेर केली. आणि चिठ्ठीवर नावं दुसऱ्यांची. दादा डिकीत पिशव्या ठेवताना म्हणाला, "तुझं बरं आहे बाबा, तुला वर्षभर सगळं ताजं." तो ते मनापासूनच म्हणाला, मला माहीत आहे. तरीसुद्धा तो फाटकापर्यंत गेला तोवर मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्यानं पाठच्या जागेचा विषय पुन्हा काढला होता. त्याबद्दल आज लिहीत नाही.

संध्याकाळभर हेच डोक्यात. ज्याला ज्याला जपायचं त्याची आई पिशवी भरते, असं मनाशी म्हणत पन्हळीतला पाचोळा काढला. मी तिच्या गोळ्या आणतो, रात्री तिला खोकला आला तर उठून मीच पाणी देतो, तर माझं नाव कुठे लिहायचं हे तिला सुचूही नये? वय झालं माझं, मुलगी दहावीला गेली, आणि मी आमसुलांच्या पिशवीवरून हिरमुसलोय. पण हिरमुसलोय हे खरं आहे. हिला अर्धवट बोललो तर ती फडताळाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, बरणीभर आहेत की. काढून देऊ का?" मला आमसुलं नको होती. तिला ते कसं सांगावं कळेना. ती भाकऱ्या थापत होती, मी उठून बाहेर आलो.

इथे बसल्यावर रत्नागिरीची खोली आठवली. बारावीनंतर शिकायला तिथे होतो तेव्हा माझ्या नावाची पिशवी असायची. एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केलेली, दापोलीहून निघालेली. मी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. त्या वेळी आईचं अक्षर ठसठशीत होतं. पिशवी उघडली की आंबापोळीचा आणि आमच्या माजघरातल्या लाकडी कपाटाचा असा दोन्ही वास एकत्र यायचा, आणि मला रडू यायचं. खोलीतली मुलं आंबापोळी खाऊन मोकळी व्हायची. मी मात्र चिठ्ठी वहीत ठेवायचो. त्या दिवसांत रोज वाटायचं की पिशवी नको, घरी जाऊ दे. मग वडील, आमचे अण्णा, गेले आणि मी आलोच घरी. पिशवी तेव्हाच थांबली असणार. हे माझ्या आजपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वादळाच्या दिवसाची. त्या वर्षी लॉकडाऊनमुळे मे महिन्यात कुणीच आलं नाही, तरी आईनं दोन्ही पिशव्या भरून ठेवल्या होत्या. मी तेव्हा ओरडलोही होतो तिला, नेणार कोण म्हणून. दुपारी स्वयंपाकघरावरची कौलं उडायला लागली. एकामागून एक, आधी कडेची, मग मधली. पाणी सरळ चुलीवर. आम्ही सगळे माजघराच्या आतल्या खोलीत पळालो, तिथे वर कौलं नाहीत, पक्की लाद आहे. आई मागे राहिली म्हणून मी परत फिरलो तर ती समोरून येत होती. डाव्या हातात त्या दोन पिशव्या कवटाळलेल्या, आणि मी दिसल्याबरोबर उजव्या हातानं तिनं माझा दंड धरला. दार लावल्यावरही सोडला नाही. वारा पडेपर्यंत ती तशीच बसून होती, मला धरून. नंतर किती दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. त्या पिशव्या दिवाळीपर्यंत तिच्या उशाशी होत्या.

हे आठवल्यावर खुपणं गेलं असं नाही. पण बरंच सैल झालं. उठून आत गेलो. आई जागीच होती, दादा घाट चढला का म्हणून विचारत होती. फोन लावून दिला. तो पोचला होता, पिशव्या उतरवून घेत होता, आणि आमसुलांच्या पिशवीचा रस सांडला का हे ती तीनतीनदा विचारत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी माझ्या नावाची पण एक पिशवी कर."

ती बघतच राहिली. "तू कुठे चाललास?"

"कुठे नाही."

"मग ठेवू कुठे ती?"

"ठेव फडताळात. बरणीच्या शेजारी."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, सुतळी संपत आलीय, सोमवारी मोटर आणायला जाशील तेव्हा एक गुंडा घेऊन ये. मोबाइलवर यादी केलीय: मोटर, सुतळी, डांबरगोळ्या, ताडपत्री. पश्चिमेच्या पडवीला झाप बांधायचे राहिलेत, ते उद्या सकाळी ऊन चढायच्या आत घ्यायला हवेत.