‘आर’ आणि ‘एन’मध्ये अडकलेले सात महिने

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ 1930 च्या सुमारास इंग्लंडला गेले, ते परत आलेच नाहीत. घरात सगळे त्यांना ‘विलायतेतले काका’ म्हणत. ते कधी वारले, कुठे वारले, कोणालाच नीट माहीत नव्हतं. तार आली होती म्हणतात, पण ती पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही. तिथल्या एखाद्या पेपरात त्यांची निधनवार्ता आली असणार आणि जुने पेपर हल्ली ऑनलाइन असतात, एवढ्या भरवशावर मी शोधायला बसले. सात महिने लागले. त्यातले जवळजवळ सगळे एका संकेतस्थळाच्या शोधखिडकीसमोर गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

सुरुवात फार सोपी झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जुलै 1837 पासून मृत्यूंची सरकारी नोंद आहे. तिच्या सूचीतलं एकेक नाव स्वयंसेवकांनी हाताने टाइप करून ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय. तिथे ‘कुलकर्णी’ टाकलं आणि दहा मिनिटांत काका सापडले. 1958, मार्चची तिमाही, वय 54. शिवाय नोंद झाली त्या जिल्ह्याचं नाव. मार्चची तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, पण ही तिमाही नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. डिसेंबरअखेर वारलेला माणूसही तिच्यात येऊ शकतो.

आता पेपर. त्या भागातल्या दैनिकाचे अंक एका शुल्क घेणाऱ्या संग्रहात होते. पैसे भरले, आडनाव टाकलं, तीन महिने निवडले. निकाल शून्य. तारखा काढून टाकल्या, तरी शून्य. इंग्रजांनी आडनावाचं काय केलं असेल याचा विचार करून ‘के’ऐवजी ‘सी’, शेवटी ‘आय’ऐवजी दोन ‘ई’, मध्ये दोन ‘एल’ असं सगळं करून पाहिलं. मग वाटलं, आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम; तिथल्या कारकुनाने वडिलांच्या नावालाच आडनाव केलं असेल. तेही शोधलं. शून्य.

मदतकक्षाला ईमेल लिहिला. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं: शोधाची व्याप्ती वाढवा, तारखा शिथिल करा. मी काय काय केलंय ते सविस्तर लिहून पुन्हा पाठवलं आणि सरळ विचारलं, त्या महिन्यांचे सगळे अंक तुमच्याकडे चढवलेले आहेत का? पुन्हा तेच उत्तर, शब्दशः. तिसऱ्यांदाही तेच. माझा प्रश्न कोणी वाचलाच नव्हता. पैसे भरलेल्या माणसाला हो की नाही एवढं तरी कळायला नको का?

पुढचे काही महिने मी चुकीच्या समजुतीत काढले, की निधनवार्ता छापलीच नसेल.

सुटका झाली ती मृत्युपत्रांच्या सूचीमुळे. इंग्लंड-वेल्समध्ये 1858 पासून ज्या मालमत्तांचं प्रोबेट झालं, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता मिळाली, त्यांची वर्षवार छापील सूची सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. तिच्यात मृत्यूची नेमकी तारीख आणि पत्ता असतो. हे मी सगळ्यात आधी पाहायला हवं होतं, तुम्ही तसंच करा. काकांची नोंद तिथे होती: फेब्रुवारीतली तारीख, राहतं घर, आणि मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या वकिलाचं नाव. तारीख हातात आल्यावर मी शोधखिडकी सोडली आणि दुसऱ्या दिवसापासूनचे अंक पानापानाने चाळायला घेतले. छोट्या जाहिरातींच्या पानावर जन्म, विवाह, मृत्यू अशा क्रमाने रकाने असतात. तिसऱ्या अंकात, रकान्याच्या तळाशी, चार ओळी. आडनाव स्वच्छ छापलेलं, एक अक्षर चुकलेलं नाही.

मग सापडत का नव्हतं? पानाच्या चित्राशेजारी, यंत्राने ते वाचून तयार केलेला मजकूर उघडला. तिथे लिहिलं होतं ‘कुलकामी’. बारीक, झिजलेल्या टायपात ‘आर’ला ‘एन’ चिकटला की यंत्राला ‘एम’ दिसतो, आणि शोध चालतो तो या मजकुरात, चित्रात नाही. कर्णिक, सरनाईक मंडळींनीही हे लक्षात ठेवावं. जोशींच्या इंग्रजी ‘एच’चा ‘बी’ होतो. त्या संग्रहात अर्धवट शब्दाला तारांकन (*) जोडून शोधण्याची सोय नव्हती. जिथे असेल तिथे तीच आधी वापरा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ फुकट आहे आणि तिथे असा चुकलेला मजकूर वाचक स्वतः दुरुस्त करू शकतात. इथे पैसे भरूनही ती मुभा नाही.

त्याच रात्री मी ‘कुलकामी’ शोधलं. आणखी चार ठिकाणी काका निघाले. एकदा संपादकांना पत्र, एकदा वादसभेचा वृत्तान्त, दोनदा बक्षिसांची यादी. पहाटेपर्यंत बसून वाचलं.

राहिलेलं एक सांगते. आडनाव अजिबात हाती लागत नसेल तर ते सोडून गल्लीचं नाव शोधा, छोट्या जाहिरातीत पत्ता बऱ्याचदा असतो. आणि पान सापडलं की लगेच पूर्ण पान उतरवून घ्या, पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक फाइलच्या नावातच घाला. माझी दोन चित्रं कुठल्या अंकातली ते आता मलाच सांगता येत नाही.

त्या चार ओळींत काकांचं नाव, पत्ता, दहनाची वेळ, ‘फुले पाठवू नयेत’ अशी विनंती, आणि सुरुवातीलाच ‘अमुक बाईंचे प्रिय पती’. काका अविवाहित होते असंच आमच्याकडे सगळे धरून चालले होते. मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काही वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, “काकूंचं नाव परत वाच गं.” मी वाचलं. तिने ते सावकाश, एकेक अक्षर लावून म्हणून पाहिलं आणि मला डायरीत लिहून ठेवायला सांगितलं.

आता काकूंची निधनवार्ता शोधतेय. त्या काळी विवाहित बाईची बातमी बऱ्याचदा ‘मिसेस’ लावून नवऱ्याच्या नावानेच छापायचे. म्हणजे पुन्हा ‘कुलकामी’पासूनच सुरुवात.