कळ, ठणका, मळमळ : नर्ससाठी मराठीचा ऑनलाइन कोर्स करताना

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र होती. "कळ येतीये गं, सोसवत नाही," म्हणून आई कण्हत होती. ड्युटीवरची सिस्टर केरळातल्या कोट्टयमकडची. तिने हिंदीत विचारलं, "दर्द है?" आई "हो" म्हणाली. पण दुखणं येऊन-जाऊन आहे की सलग, हे काही तिला उमगेना. मग मी मधे बोलले. मी शाळेत मराठी शिकवते हे कळल्यावर पहाटे ती म्हणाली, मराठी शिकायचीय, पण क्लासला जायला वेळच मिळत नाही. पुण्यातल्या तिच्यासारख्या कितीतरी जणींची हीच अडचण होती.

मी उत्साहाने कामाला लागले. तीन महिन्यांचे रविवार घालवून पाऊण-पाऊण तासाचे १२ व्हिडिओ तयार केले. आधी बाराखडी, मग "माझे नाव", मग रंग, फळं, नातीगोती. पहिल्या तुकडीत १४ जणी आल्या. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ बघणाऱ्या तिघीच उरल्या. मला फार वाईट वाटलं. मग एकेकीला फोन करून विचारलं. एक आठवडा सकाळपाळी, दुसरा दुपारपाळी, मग रात्रपाळी. व्हिडिओ लावला की पाचव्या मिनिटाला डोळे मिटतात. आणि बाराखडी त्यांना आधीच येत होती. केरळात शाळेत हिंदी शिकवतात, त्यामुळे देवनागरी सगळ्याच वाचत होत्या. ज्या गोष्टीवर मी दोन आठवडे घालवले, ती त्यांना नकोच होती.

ते व्हिडिओ बाजूला ठेवले. पुढच्या वेळी आईला तपासायला नेलं तेव्हा ओपीडीच्या बाकावर वही घेऊन बसले आणि आजूबाजूची माणसं दुखणं कसं सांगतात ते टिपत गेले. तेव्हा जाणवलं की आपली भाषा या बाबतीत किती बारीक विचार करते! कळ येते आणि जाते, ठणका मात्र राहतो. जखम चुरचुरते. पित्ताने जळजळतं. पायाला मुंग्या येतात. ताप यायच्या आधी कणकण वाटते, आणि काय होतंय ते सांगताच येत नसेल तर "कसंतरीच होतंय". हे सगळं "दर्द" या एका शब्दात कोंबलं, तर पेशंटचं अर्धं म्हणणं वाटेतच हरवतं. त्या वहीतून नवा कोर्स निघाला. पहिलं वाक्य "माझे नाव" नाही, तर "आजी, कुठं दुखतंय?" त्यानंतर "कधीपासून?", "मूठ आवळा", "हात सैल सोडा", "कूस बदला".

धडा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मिनिटांचा आवाज. बसमध्ये, मेसमध्ये, कपडे धुताना ऐकता येईल असा. लिहून पाठवण्यापेक्षा आवाजच हवा, याला आणखी एक कारण होतं. "जेवण" आणि "जखम" यांतले दोन ज वेगळे, "चार" आणि "चमचा" यांतले च वेगळे, पण कागदावर ते सारखेच दिसतात. हिंदीच्या सवयीने वाचलं तर "जखम" चुकतोच.

उजळणी कधी करायची हा प्रश्न होता. माणूस शिकलेलं किती वेगाने विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं. पुढे १९६७ मध्ये परभाषा शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या पॉल पिम्स्लरने उजळणीतली अंतरं वाढवत नेण्याचं वेळापत्रक दिलं : काही सेकंद, काही मिनिटं, एक तास, पाच तास, एक दिवस, पाच दिवस, पंचवीस दिवस आणि पुढे. मी त्यातलं झेपेल तेवढं घेतलं. प्रत्येक वाक्य त्याच धड्यात तीनदा, मग दुसऱ्या, सहाव्या आणि एकतिसाव्या दिवशी. रोज नवी वाक्यं फक्त चार.

मल्याळम थोडी समजून घेतली, त्याचा फार उपयोग झाला. "मला पाणी हवं" याला त्या "एनिक्क् वेळ्ळम् वेणम्" म्हणतात, रचना अगदी आपलीच. आपण आणि आम्ही यांतला फरक त्यांच्याकडेही आहे. ळ तर घरचाच, "मळमळ" पहिल्याच दिवशी सुरेख! घोडं अडलं ते लिंगापाशी, कारण मल्याळममध्ये लिंगानुसार क्रियापद बदलत नाही. आपल्याकडे चहा घेतला, गोळी घेतली, औषध घेतलं. मी तक्ता दिलाच नाही. "गोळी" हा शब्द कधी एकटा शिकवला नाही, कायम "गोळी घेतली का?" असाच. जोडी कानात बसली की नियम न सांगताही जीभ बरोबर वळते, हे मला शाळेत २२ वर्षं शिकवून जाणवलं नव्हतं.

एक चूक मात्र खोल गेली. दुसऱ्या तुकडीत एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. माझं ऐकून ऐकून ते "मी इंजेक्शन देते" म्हणू लागले. वॉर्डात लोक हसले आणि त्यांनी मराठी बोलणंच बंद केलं. मी त्यांची माफी मागितली. त्या आठवड्यात धाकट्या भावाला बसवून "देतो, येतो, बघतो" असलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड केलं. पंधरा दिवसांनी ब्रदरांचा मेसेज आला. त्यात फक्त आवाज होता : "काका, मी आलो. सुई काढतो."

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं समोरासमोर बोलणं ठेवलंय, तेही दोन वेगळ्या वेळांना, म्हणजे कुठलीही पाळी असली तरी एक वेळ साधते. त्यात मी पेशंट बनते. कण्हते, चिडते, गावाकडच्या बोलीत भरभर बोलते, कारण वॉर्डात कुणी त्यांच्यासाठी सावकाश बोलणार नाही. "परत सांगा, आजी, हळू सांगा" हे वाक्य म्हणूनच पहिल्या दिवशी शिकवते.

आता शब्द त्यांच्याकडूनच येतात. परवा मध्यरात्रीनंतर कोट्टयमच्या सिस्टरचा आवाज आला, हळू, वॉर्ड झोपलेला असावा. "टीचर, आजी म्हणतात पोटात ढवळतंय. मळमळ आणि ढवळणं एकच का?" मी उठून बसले आणि तिला तीन मिनिटं समजावून सांगितलं. ते उत्तर आता एकोणिसावा धडा आहे.