झिजलेल्या अमेरिकन चांदीच्या नाण्यांचा संग्रह : माझी सुरुवात

न्यू जर्सीत राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकण्यासाठी सुटी नाणी मोजत असताना एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, माझ्या हातून फरशीवर पडला आणि त्याचा आवाज बाकीच्या नाण्यांपेक्षा वेगळा आला. सांगलीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजी देव्हाऱ्यातल्या डबीतून चांदीचे रुपये काढून ताम्हनात ठेवत असे, तेव्हा एकावर एक पडणाऱ्या त्या रुपयांचा असाच लांबत जाणारा आवाज मी लहानपणी ऐकला होता. नाणे उचलून पाहिले तर त्यावर १९६२ हे साल होते आणि त्याची कडा सगळीकडून पांढरी होती. माझ्या मुठीतल्या इतर प्रत्येक डाइमच्या कडेला मात्र तांब्याची तपकिरी रेघ दिसत होती. ही रेघ पाहायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

या फरकाचे कारण समजून घेण्यात पहिले काही आठवडे गेले. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) १९६४ या सालापर्यंत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचे असत. साठच्या दशकात चांदीचा भाव चढत गेला आणि सुट्या नाण्यांची टंचाईही जाणवू लागली. ट्रॉय औंसाला (सुमारे ३१.१ ग्रॅम) १.२९ डॉलर हा भाव गाठला की एका चांदीच्या डॉलरमधील धातूच एक डॉलरचा होतो, आणि त्यापुढे नाणी व्यवहारात टिकणे कठीण असते. जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्णपणे गेली, तर हाफ डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७० पर्यंत तशीच राहिली. लोकांनी नवी नाणी साठवून ठेवू नयेत म्हणून टांकसाळींनी १९६५ सालीदेखील १९६४ हेच साल घालून नाणी पाडली होती, त्यामुळे १९६४ ची नाणी आजही मुबलक मिळतात. याखेरीज एक अपवाद माझ्या फार उपयोगी पडला. महायुद्धाच्या काळात निकेल धातू वाचवण्यासाठी १९४२ ते १९४५ या वर्षांतील पाच सेंटच्या काही नाण्यांत ३५ टक्के चांदी घातली गेली, आणि ती ओळखता यावीत म्हणून मागच्या बाजूला माँटिसेलो या वास्तूच्या घुमटावर टांकसाळीचे अक्षर मोठे करून टाकले गेले. हे अक्षर नुसत्या डोळ्यांनी दिसते, तरीही लोक ते नाणे पाच सेंट म्हणून देऊन टाकतात.

मी केलेली पहिली खरेदी ही नाण्याची नव्हती, तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्याची होती, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी आजही तोच क्रम सुचवीन. चांदीचा डाइम टांकसाळीतून निघताना २.५० ग्रॅम, क्वार्टर ६.२५, हाफ डॉलर १२.५० आणि जुना डॉलर २६.७३ ग्रॅम भरतो. नंतरचा तांबे-निकेलचा डाइम २.२७ आणि क्वार्टर ५.६७ ग्रॅमचा आहे. आपल्याकडचा तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि चांदीचा रुपया बरोबर तोळ्याचा, हे आजीकडून ऐकलेले होते. त्यामुळे हाफ डॉलर म्हणजे तोळ्याहून थोडे जास्त, असे एकदा मनात बसल्यावर बाकीचे आकडे मला पाठ करावे लागले नाहीत.

बँकेतून नाण्यांचे रोल आणून शोधण्याचा प्रयोगही मी सुमारे चार महिने केला. दहा डॉलर दिले की वीस हाफ डॉलरचा एक रोल मिळतो. घरी टेबलावर तो उलगडून कडा पाहायच्या आणि बाकीची नाणी परत जमा करायची. यात मला १९६७ आणि १९६८ ची ४० टक्के चांदीची तीन नाणी मिळाली, ९० टक्क्यांचे एकही नाही. शोधण्यात आनंद होता, पण त्यातून संग्रह उभा राहणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले.

त्यानंतर मी घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या नाण्यांच्या दुकानात गेले. तिथल्या काउंटरवर एका उथळ लाकडी पेटीत झिजलेले डाइम आणि क्वार्टर ढिगाने पडलेले होते. व्यापारात अशा नाण्यांना ‘जंक सिल्व्हर’ म्हणतात, आणि हा शब्द मला तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही, कारण त्या ढिगातल्या प्रत्येक नाण्याने तीस-चाळीस वर्षे लोकांच्या खिशातून पाव, दूध आणि रेल्वेचे भाडे दिलेले आहे. त्यांचा भाव दर्शनी किमतीच्या, म्हणजे नाण्यावर लिहिलेल्या किमतीच्या, पटीत सांगितला जातो. त्यामागचा हिशोब असा, की एक डॉलर दर्शनी किमतीच्या नव्या नाण्यांत ०.७२३ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते, पण वापराने ती झिजते म्हणून व्यापारी ०.७१५ औंस धरतात. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाला या आकड्याने गुणले की दुकानदार धातूच्या किमतीवर किती अधिक मागतो आहे हे लगेच कळते. हा गुणाकार मी दुकानात जाण्याआधी कागदावर करून नेला होता, आणि त्यामुळे बोलणे सोपे झाले.

मी दहा डॉलर दर्शनी किमतीचे, म्हणजे शंभर, मर्क्युरी डाइम (पंखांची टोपी घातलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या घडणीचे) घेतले. दुकानदार वयस्कर आणि सौम्य स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी मला घाईने मोजून देण्याऐवजी भिंग हातात दिले आणि पेटीतून हवे ते स्वतः निवडायला सांगितले. दोन तास मी तिथे बसून होते. घरी येऊन वजन केले तेव्हा २५० ग्रॅमऐवजी २४४ ग्रॅम भरले. हे सहा ग्रॅम कुठे गेले असतील याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. अर्धा तोळा चांदी हजारो बोटांना आणि खिशांच्या अस्तरांना लागून नाहीशी झाली होती.

याच दुकानातून दुसऱ्या खेपेला घेतलेल्या नाण्याच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आणि ती भरून येण्यासारखी नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेला १९०८ सालचा बार्बर (चार्ल्स बार्बर यांच्या घडणीचा) हाफ डॉलर मला मिळाला होता. तो करड्या-काळपट रंगाचा होता, चेहऱ्याभोवती रंग गडद होता आणि गालावर फिकट. व्हिडिओ कॉलवर मी तो आईला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “अगं, चांदी काळी पडली आहे, जरा पावडर लावून घासून काढ ना.” आमच्या घरी निरांजन, ताम्हन, अत्तरदाणी सगळे तसेच घासले जाते, म्हणून मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. टूथपेस्ट लावून मी तो दहा मिनिटे घासला आणि तो पांढराशुभ्र झाला. पुढच्या आठवड्यात दुकानदारांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दिव्याखाली तिरपा धरला आणि पृष्ठभागावरचे हजारो बारीक ओरखडे मला दाखवले. शंभर वर्षांत हवेतल्या गंधकामुळे चांदीवर जो थर हळूहळू चढतो, तो नाण्याच्या वयाची खूण असतो; घासण्याने तो थर तर जातोच, शिवाय खालची चांदीही खरवडली जाते. संग्राहक असे नाणे धातूच्या भावाने घेतात. आईचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण भांडे वापरायचे असते आणि नाणे जसे आले तसे सांभाळायचे असते, हा फरक माझाच मला शिकायचा होता. तो हाफ डॉलर मी विकलेला नाही. इतक्या वर्षांनी त्याच्या कडेने पुन्हा पिवळसर रंग धरू लागला आहे.

नाणे किती झिजले आहे हे ठरवण्याची रीत मला सगळ्यांत जास्त भावली. अमेरिकेत १ ते ७० अशी प्रतवारीची मोजपट्टी वापरतात, आणि वापरातल्या नाण्यांची जागा त्यात बहुतेक ५८ पर्यंत असते; ४ म्हणजे ‘गुड’, १२ म्हणजे ‘फाइन’, ४० म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’. ‘गुड’ या शब्दाने नवखा माणूस फसतो, कारण त्या प्रतीचे नाणे जवळजवळ गुळगुळीत असते. बार्बर नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या कपाळपट्टीवर ‘लिबर्टी’ (LIBERTY) हा शब्द आहे, आणि प्रत ठरवण्यासाठी त्याची अक्षरे मोजायची असतात : सातही अक्षरे वाचता आली तर ‘फाइन’, तीनच राहिली असतील तर ‘व्हेरी गुड’, एकही नसेल तर त्याखाली. मर्क्युरी डाइमच्या मागे काठ्यांची बांधलेली मोळी आहे, तिच्यातल्या काठ्या एकमेकींपासून वेगळ्या दिसतात का ते पाहायचे. स्टँडिंग लिबर्टी क्वार्टरचे १९२४ पर्यंतचे साल उंचवट्यावर असल्यामुळे सगळ्यांत आधी पुसले जाई. १९२५ पासून ते खोलगट जागी घेतले गेले, म्हणून त्याआधीचे साल स्पष्ट वाचता येणारे नाणे महाग पडते. शंभर डाइम टेबलावर मांडून मी ते चांगल्या-वाईटाच्या क्रमाने लावत असे, मोडत असे आणि पुन्हा लावत असे. पुस्तकातल्या छायाचित्रांपेक्षा या खेळाने माझी नजर अधिक तयार झाली.

एकदा मात्र नजर तयार होण्याआधीच मी मोठी खरेदी केली. रविवारच्या एका जुन्या बाजारात, कापडावर मांडलेल्या वस्तूंमध्ये एक ट्रेड डॉलर होता. चीनशी व्यापारासाठी अमेरिकेने १८७३ पासून पाडलेले हे नाणे २७.२२ ग्रॅमचे असते. वजनकाटा घरी राहिला होता, विक्रेता घाई करत होता, आणि मी पैसे दिले. घरी ते साडेतेवीस ग्रॅम भरले. चुंबकाला ते चिकटले नाही, त्यामुळे चुंबकाच्या कसोटीवर विसंबू नये हेही त्याच दिवशी समजले. चिकटले तर नाणे चांदीचे नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. तेव्हापासून काटा माझ्या पर्समध्ये असतो.

नाणी ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असते आणि त्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो; मी कडक मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) चौकटी आणि पुठ्ठ्याचे अल्बम वापरते, नाणे कडेनेच धरते आणि तळघरात काहीही ठेवत नाही.

वर्षभराने संग्रहाला दिशा द्यावी लागली. प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ गोळा करायची तर १९१६ सालचा डेन्व्हरचा मर्क्युरी डाइम लागतो, आणि तो अवघा २,६४,००० पाडला गेला होता. साध्या नाण्यावर ‘डी’ अक्षर चिकटवून त्याची नक्कलही सर्रास केली जाते. माझ्या ऐपतीत आणि आवडीत बसणारा मार्ग वेगळा होता : विसाव्या शतकात चलनात असलेल्या चांदीच्या प्रत्येक घडणीचे एकेक झिजलेले नाणे. बार्बर, मर्क्युरी आणि रूझवेल्ट हे तीन डाइम. बार्बर, स्टँडिंग लिबर्टी आणि वॉशिंग्टन हे तीन क्वार्टर. बार्बर, वॉकिंग लिबर्टी, फ्रँकलिन आणि केनेडी हे चार हाफ डॉलर. मॉर्गन आणि पीस हे दोन डॉलर. बारा नाणी, आणि त्यांतले एकही दुर्मीळ असण्याची गरज नाही.

मॉर्गन डॉलर मी १९२१ सालचा घेतला, कारण तो सर्वांत सहज मिळतो. तो इतका सहज का मिळतो हे वाचताना मी मुंबईपर्यंत येऊन पोहोचले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात कागदी नोटांच्या बदल्यात द्यायला सरकारकडे चांदी उरेना. एक रुपयाची कागदी नोट १९१७ च्या नोव्हेंबरात निघाली ती याच टंचाईमुळे. मित्रराष्ट्र ब्रिटनला चांदी विकता यावी म्हणून अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानासाठी. तिथे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये पडत होते. कायद्याप्रमाणे अमेरिकेला पुढे तेवढेच डॉलर पुन्हा पाडणे भाग होते, आणि १७ वर्षे बंद असलेली मॉर्गनची घडण १९२१ मध्ये पुन्हा सुरू झाली ती त्यामुळेच. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद ठेवली गेली नाही, म्हणून जुन्या डॉलरांच्या बाबतीत किती पाडले गेले या आकड्यावर विसंबता येत नाही.

गेल्या दिवाळीला सांगलीला जाताना मी तो डॉलर आणि काटा बरोबर नेला. आजीच्या डबीत पंचम जॉर्जचा १९१९ सालचा एक रुपया आहे, तो ११.४८ ग्रॅम भरला. त्यात अमेरिकन डॉलरची चांदी आहे की नाही हे कधीही ठरवता येणार नाही, कारण वितळलेल्या चांदीला मागची ओळख राहत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी भारताबाहेर नेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे तो रुपया तिथेच राहील. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आईने सवयीने पावडरची डबी बाहेर काढली. मी तिला तो रुपया खिडकीजवळ नेऊन तिरपा धरून दाखवला, अक्षरांच्या खाचांत बसलेला काळा थर आणि जुने कुंकू दाखवले. तिने तो थोडा वेळ पाहिला, मऊ कापडाने नुसता टिपला आणि ताम्हनात डॉलरच्या शेजारी ठेवला.