उचल, कोयता, खाडा

नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला एक प्रश्न दरवेळी येतो: "मॅडम, शब्दाचा अर्थ पुस्तकात दिलेला असतो. तो फळ्यावर लिहून पुढे जायचं सोडून तुम्ही आधी मुलांनाच का विचारत बसता?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. नोकरी लागली ती बीड जिल्ह्यात, आठवीला मराठी शिकवायला. पहिल्याच वर्षी सहामाहीच्या पेपरात 'उचल खाणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरायला दिला होता. उत्तर ठरलेलं: जुन्या आठवणींनी उचल खाल्ली, म्हणजे त्या उसळून वर आल्या. एका मुलाने लिहिलं, "बापाने उचल खाल्ली म्हणून मुकादम घरी आला." मी लाल पेनाने रेघ मारली आणि शून्य दिलं.

तिथल्याच एका सरांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वाक्य बरोबर आहे." मग त्यांनी मला उचल म्हणजे काय ते समजावलं. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मजुरांची टोळी जमवणारा मुकादम मजुराला आगाऊ पैसे देतो, ती उचल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडत राहतात. हंगामात फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. पैसे खर्च झाले आणि माणूस तोडीला गेलाच नाही, तर मुकादम दारात उभा राहतो. त्या मुलाने पाठ केलेलं काहीच लिहिलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं.

मी पेपर दुरुस्त केला, पण दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. तो आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेला होता.

तेव्हापासून मी कान उघडे ठेवून ऐकायला लागले. 'कोयता' म्हटलं की मला आमच्याकडची कोयती दिसायची, कमरेच्या आकडीला अडकवलेली, नारळ-झावळ्या तोडायची. इथे लोक म्हणायचे, "यंदा गावातून बरेच कोयते गेले." मला वाटायचं, हत्यारं मोजतायत. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी! उचल मिळते ती जोडीला. एकटा माणूस अर्धा कोयता. मग एकट्या पोराच्या घरात लग्नाची घाई सुरू होते. आठवी-नववीतल्या मुली या हिशेबापायी शाळेतून जाताना मी पाहिल्या आहेत. 'कोयता' शब्दाला त्या वर्गात अचानक शांतता का पसरते, हे मला शब्दकोशाने कधीच सांगितलं नसतं.

'खाडा' घ्या. शहरात कामवाल्या बाईने खाडा केला की भांडी पडून राहतात, एवढंच. फडावर खाडा म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, उचलीवर चढणारा. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, सरकारने चौकशी समिती नेमली. पाळीच्या, दुखण्याच्या दिवसांत खाडा पडू नये, ही भीती तेव्हा पुन्हा पुन्हा बोलली गेली. माझ्या वर्गातल्या मुलींना हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागला नाही. त्यांच्या घरीच तो राहत होता.

आता एक स्पष्ट सांगते, कारण इथे गैरसमज होतो. मुलांच्या घरचा अर्थ खरा म्हणून पुस्तकातला सोडून द्यावा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो सोडला तर मूल फडाच्या भाषेतच अडकून राहील आणि बोर्डाचा पेपर त्याला परका वाटेल. दोन्ही अर्थ त्याच्या हाती द्यायचे, हे शिक्षकाचं काम. पण त्याच्या डोक्यात आधीच बसलेलं चित्र मला माहीत नसेल, तर मी सांगितलेला अर्थ त्याच्यापर्यंत पोचत नाही. वहीत उतरतो आणि तिथेच राहतो.

तो मुलगा चैत्रात परत आला. मी जपून ठेवलेला पेपर त्याला दिला आणि विचारलं, "तू हे वाक्य का लिहिलंस?"

"खरं हाय म्हणून. उचल आईच्या दवाखान्यातच गेली. तवा त्यो आलता."

मी त्याला पुस्तकातली उचल सांगितली. मनात खाली दबून राहिलेलं एकदम वर येतं, ती. तो बराच वेळ पेपराकडे बघत राहिला. बीडकडच्या गावांत म्हातारी माणसं 1972च्या दुष्काळाला 'बहात्तर' एवढंच म्हणतात. पुढे 'साल' किंवा 'दुष्काळ' जोडावं लागत नाही. खडी फोडण्याची कामं, खायला वाटलेली सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, सगळं त्या एका आकड्यात येतं. माझ्यासाठी तोवर तो नुसता आकडा होता.

मुलगा म्हणाला, "मंजी आमच्या आजीवानी. बहात्तरचं नाव काढलं की ती जेवता जेवता थांबती. ताटातली भाकर पदराखाली झाकती."

मी त्याच पेपरावर, त्याच्या वाक्याखाली, त्याला हे वाक्य लिहायला लावलं.