नी-ऑलेसुंडला मॉस मोजायला जाताय? तारा घरीच ठेवा

पद्धतींच्या पुस्तकांत मॉसची, म्हणजे जमिनीवर गादीसारख्या पसरणाऱ्या शेवाळाची, वाढ मोजणं दोन ओळींत आटोपतं. स्टेनलेस स्टीलची वाकवलेली तार गादीत खोचायची, वर उरलेली लांबी मोजायची आणि पुढच्या वर्षी परत मोजायची. लांबी जितकी कमी झाली तितकी वाढ. दलदलीतल्या स्फॅग्नमला हे लागू पडतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर, नी-ऑलेसुंड या संशोधन वस्तीत, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तरेला, ही पद्धत सपशेल फसवते, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

कारण जमिनीत आहे. खाली कायमची गोठलेली जमीन, वर उन्हाळ्यात सुटणारा पातळ थर. शरदात हा थर वरून गोठू लागला की बर्फ तारेला धरतो आणि फुगताना तिला वर ओढतो. खालच्या पोकळीत चिखल शिरतो. उन्हाळ्यात बर्फ सुटला तरी तार जागेवर बसत नाही. तार बुडू नये म्हणून दिलेला आडवा वाक तर बर्फाला आयतीच पकड देतो. इथल्या सानिओनिया उन्सिनाटा या मॉसची वर्षाची वाढ काही मिलिमीटर आणि तारेचं उचलणंही तितकंच. मग वाढ वजा येते. जास्त तारा लावून ही चूक धुऊन निघत नाही, कारण सगळ्या तारा एकाच दिशेला, वरच, सरकतात. तारेऐवजी नायलॉनच्या ब्रशचे केस फक्त मॉसच्या थरात रोवता येतात, पण त्यासाठी गादी खोल हवी. तशी ती स्टुपहालेटसारख्या, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत मिळणाऱ्या कड्यांखाली सापडते. वस्तीजवळच्या पातळ गादीत हेही करू नका.

दुसरा घोटाळा पाण्याचा. सुकलं की मॉसची पानं मिटतात आणि गादी बसते, पाऊस पडला की फुगते. कोरड्या दिवशीचं माप आणि ओल्या दिवशीचं माप यांतला फरक वर्षभराची वाढ गिळून टाकतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी शुद्ध पाण्याचा फवारा, मग १५-२० मिनिटं थांबणं, मगच पट्टी. वगळलंत तर आकडे फेकून द्यावे लागतील.

चालते ती दोऱ्याची पद्धत. बारीक पॉलिएस्टर दोरा, राखाडी किंवा तपकिरी. सुती नको, तो कुजतो. लाल-पिवळाही नको, तो बार्नॅकल हंसांच्या नजरेत भरतो. भिजलेल्या कोंबाच्या टोकापासून मोजून १० मिलिमीटर खाली, फांदीच्या बगलेत सैल गाठ मारायची. घट्ट आवळली तर कोंब तुटतो, बगल सोडून बांधली तर गाठ घसरते. कोंब होता तिथेच, होता तितक्याच दाटीत परत बसवा. एकटा उभा राहिलेला कोंब लवकर सुकतो. एका चौकटीत, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यात, ३० कोंब धरा, कारण हिवाळ्यात बरेच हरवतात. वर्षाने कोंब काढून गाठीपासून टोकापर्यंतचं अंतर द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, त्यातून १० वजा करायचे. मग नवा भाग कापून ८० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवून वजन. नुसती लांबी पुरत नाही. सावलीत किंवा दाटीत कोंब लांबतो पण बारीक राहतो.

हिलोकोमियम स्प्लेंडन्स या मॉसच्या 'जिन्यावर' विसंबू नका. दक्षिणेकडे दरवर्षी एक पायरी असं ते वय मोजून देतं. इथला उत्तरी प्रकार सरळ वाढतो, पायऱ्या नीट दिसतच नाहीत.

हंस कोंब उपटतात, रेनडिअर तुडवतात. ५० सेंटिमीटरची जाळीची पेटी ठेवा, पण ऑगस्टअखेर काढा. हिवाळ्यात ती हिम अडवते आणि खालचं मॉस उशिरा उघडं पडतं. चौकटीच्या खुंट्याही तारेसारख्याच उचलल्या जातात. हातातल्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. त्यामुळे दोन मोठ्या खडकांपासून टेपने अंतर घेऊन वहीत लिहा.

गुडघ्याखाली जाड फोम नसेल तर चौथ्या चौकटीपर्यंत बोटं बधिर होतात, आणि त्या बोटांनी मारलेल्या गाठी पुढच्या वर्षी सापडत नाहीत. सूर्य मावळत नाही म्हणून काम रेटू नका. दिवसाला चार चौकटी, बस्स. गाठी मारायचा सराव जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या ओल्या कुंपणभिंतींवर आधीच करा.

प्रवासाचं थोडक्यात. स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर ऑस्लोला परतताना अडकाल. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथून पुढचं विमान छोटं, सामान तोलून घेतात. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून नी-ऑलेसुंडलाच आहे. गावाभोवती २० किलोमीटरपर्यंत २ ते ३२ गिगाहर्ट्झ प्रसारणाला बंदी आहे. ब्लूटूथवर चालणारे तापमान-लॉगर (तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं) नेलेत तर पेटीतच राहतील. केबलने वाचता येणारेच घ्या. वस्तीबाहेर एकट्याने जायचं नाही, अस्वलांसाठी रायफल आणि फ्लेअर (घाबरवण्यासाठी उडवायचा प्रकाशबार) बरोबर हवीच. चौकटीवर वाकलेल्याचं लक्ष आजूबाजूला नसतं, म्हणून दुसऱ्याने फक्त पहारा द्यायचा, त्याच्या हाती चिमटा देऊ नका.