चालतंय की

रविवार, रात्री

दत्तजयंतीच्या सप्ताहाची यादी फ्रिजवर ठेवलेली होती. बारा प्रती, वर वजनाला अडकित्ता. कोणत्या दिवशी नैवेद्य कोणाकडे, आरतीला कोण, हे दरवर्षी आईच टाइप करते, त्यात बघण्यासारखं काही नसतं. काल चहा उकळेपर्यंत सहज वरची प्रत उचलली. तिसऱ्या ओळीत 'सौ. चक्रदेव'. त्यातला 'च' छापलेला, 'देव' छापलेलं, आणि मधला 'क्र' निळ्या बॉलपेनने काढलेला. दुसरी प्रत बघितली, तिच्यातही तेच. बाराच्या बारा प्रतींत आधी जागा सोडून छापलंय आणि मग बसून एकेक 'क्र' हाताने भरलाय. छापल्यासारखा, वरच्या रेघेला रेघ लावून.

मग बाकीचंही दिसायला लागलं. पहिल्या रकान्यावर 'अ. क्र.'ऐवजी 'अ. नं.'. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या बाईने 'अ. नं.' लिहिलेलं मी आजवर बघितलेलं नाही. शिवाय वारांचा रकानाच नाही, नुसत्या तारखा. 28 पासून 4 पर्यंत.

"अगं, वार कुठे गेले?"

"तारखा आहेत की."

"तरी पण वार?"

"पहिलाच शुक्रवार आला," म्हणाली, आणि आलं किसत राहिली.

मला कळायला चहा उतू जाईपर्यंत वेळ लागला. शुक्रवार. एका अक्षरापायी तिने आठवड्याचे सातही वार काढून टाकले होते. आणि ते अक्षर घरातून घालवलं होतं मी, दिवाळीत, दोन दिवस राबून, स्वतःवर खूष होत.

हे लिहायला बसलोय कारण कालपासून डोक्यातून जात नाहीये. खरं तर राग यायला हवा होता, नेमका कोणाचा ते माहीत नाही.

दिवाळीतलं काम चांगलंच झालं होतं, ते आधी लिहून ठेवतो. मशीन 2014 चं, चौथ्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतो, म्हणजे तो विषयच नाही. भंगारात द्यायला आई तयार नव्हती, मीही नव्हतो. वसुबारसेला एसएसडी घेऊन आलो, जुनी डिस्क काढून ती बसवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीईवालं, हलकं. ब्लूटूथची सेवा बंद केली (मशीनमध्ये ब्लूटूथ नाहीच, तरी ती रोज सकाळी उठून बसत होती). स्वॅपिनेस (रॅमऐवजी डिस्क वापरायची ओढ) 60 वरून 10 वर आणला. न लागणारी सॉफ्टवेअरं काढली, अक्षरं मोठी केली, माउसचा बाण मोठा केला, खालच्या पट्टीवर चारच चित्रं ठेवली. पूर्वी बटण दाबून आई देवपूजेची फुलं काढून यायची. आता 28 सेकंद. दोनदा मोजले.

आणि डेस्कटॉप साफ केला. त्रेसष्ट आयकॉन होते. सगळे उचलून 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. मागे नरसोबाच्या वाडीच्या घाटावरचा फोटो होता, त्याच्या जागी सपाट हिरवट रंग. फोटोला मेमरी लागते असं तिला सांगितलं, जे जवळजवळ खोटं आहे. मला तो फोटो रोज... असो.

फक्त एकदा पोटात गोळा आला होता. मागची कुठली तरी यादी उघडली तर सगळं इंग्रजी. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच. आई टाइप करते कृती देव 010 मध्ये. ती काही खरी मराठी नव्हे, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नव्हे. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून फॉन्ट त्यांना देवनागरी सोंग देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. जुन्या डिस्कवरून फॉन्ट काढून टाकला, यादी परत मराठी झाली, आणि मी 'सुटला प्रश्न' म्हणून लाडू खाल्ला.

पण टाइपरायटरच्या धर्तीवर जुळवलेल्या त्या कीबोर्डवर सगळी अक्षरं मावत नाहीत. जी उरतात ती आकड्यांनी काढायची: ऑल्ट धरून 0216 म्हणजे क्र. ऑल्ट धरून 0217 म्हणजे त्त, त्याला पुढे काना. ही विंडोजची सोय. मिंटवर ऑल्ट धरून कितीही आकडे बडवा, क्र येत नाही. हे मला माहीत होतं का? होतं. इंग्रजी 'ए'वर टिंब देताना मीच कधीतरी अडलो होतो. पण आईची बोटं हे करतात हे माहीत नव्हतं. तीस वर्षं तिच्या टाइपिंगचा खडखडाट ऐकत वाढलो आणि ती क्र कसा काढते ते कधी बघितलं नाही.

काल तिची वही बघितली. कॉम्प्युटरची वही, बँकेच्या जुन्या डायरीत केलेली. पान तिसरं: 'क्र – ऑल्ट धरून 0216. (नमलॉकचा दिवा बघणे.)' त्याच्या पुढे पेन्सिलने: 'आता होत नाही. 26/10.'

मी 25 ला पुण्याला परतलो होतो.

आणि 27 ला फोन केला होता, तेही नीट आठवतंय, कारण शाबासकी घ्यायलाच केला होता. म्हटलं, "कसा चालतोय कॉम्प्युटर?" म्हणाली, "चालतंय की."

इथेच अडकलोय. मी 'चालतोय' विचारलं. तो चालतोय का. तिने 'चालतोय' म्हटलंच नाही, 'चालतंय' म्हणाली. तो नव्हे, ते. सांगलीत 'चालतंय की' म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. भाजीत मीठ कमी पडलं तरी चालतंय. लग्नात जेवायला जागा मिळाली नाही तरी चालतंय. दादा तिकडेच राहायचं म्हणाला तेव्हाही चालतंय. मी ते ऐकून 'व्वा, पळतोय' असं समजलो आणि ऑफिसात दोघांना सांगितलंसुद्धा, की अकरा वर्षांच्या मशीनवर सत्तरीची बाई लिनक्स वापरते.

बरं, एक तर सांगायचं. फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, बोलून टाइप करते ती फोनवर, 'क्र येत नाही' एवढं बोलायला काय झालं होतं? दोन दिवस पाठ मोडून काम केलं, एसएसडीचे पैसे माझे, बायकोच्या माहेरी जायचं रद्द केलं म्हणून ती अजून धड बोलत नाही, आणि त्याचं फळ काय, तर बारा कागदांवर निळं पेन. कोणी पाहुण्याने बघितलं तर म्हणेल मुलगा कॉम्प्युटरमधला, आणि आईला अक्षरं हाताने काढावी लागतात. बायकोला फोनवर हे सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्यांनी तुला सांगितलं होतं का, बदल म्हणून?"

नव्हतं सांगितलं. 'हळू चालतो' म्हणाली होती फक्त. तेही तक्रार म्हणून नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर एका सकाळी खालचं स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध आलं होतं. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, रात्रीत कोणीतरी घर आवरून गेल्यासारखं. तेव्हा मी काय काय बोललो होतो. आणि पाचव्या मिनिटाला सेटिंगमध्ये जाऊन ते परत डावीकडे नेलं होतं. मला ती जागा माहीत होती म्हणून.

क्र दुसऱ्या पद्धतीने निघत नाही असं नाही. क टाइप करून त्याला रकार जोडता येतो. आईला काल करून दाखवला. तिने चष्मा वर करून बघितलं. ती तिरकी रेघ क च्या दांड्यापासून सुटून पडते, खरंच.

"हा क्र नाही," म्हणाली. "हा पाय मोडलेला क आहे."

"पण वाचता येतो की."

"वाचता येतो."

त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. 'दत्त'मधल्या त्तचं तिने अर्धा त आणि पूर्ण त शेजारी ठेवून भागवलं होतं. तो चालण्यासारखा दिसतो, पाय मोडलेला क नाही. म्हणजे सगळंच चालतं असं नाही, हे बघून मला जरा बरं वाटलं. का ते माहीत नाही.

रात्री तिची मागच्या वर्षीची यादी 'जुनं'मधून शोधून उघडली. तिच्यात सगळे क्र जागच्या जागी, धडधाकट. एकाची निवड करून फॉन्ट बदलून बघितला: तिरका छेद दिलेला मोठा ओ. डेन्मार्क-नॉर्वेचं अक्षर. आईचा क्र म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वहीत त्या लोकांचा ओ. दादाला फोटो पाठवला. कोपनहेगनहून पाच मिनिटांत उत्तर: 'अरे, माझ्या कीबोर्डवर याचं वेगळं बटण आहे.' वर त्या बटणाचा फोटो. पुढे हसणारे चार चेहरे. मी काहीच उत्तर दिलं नाही. मग एकटाच हसलो. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे आईच्या उपयोगाचं काहीतरी निघालं, तर ते जवळजवळ सात हजार किलोमीटरवर टेबलाला चिकटलेलं. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

तर रात्री एकपर्यंत बसून उपाय काढला. कीबोर्डवर उजवीकडे ते मेनूचं बटण असतं, जे कोणीच दाबत नाही, त्याला कंपोझ की (दोन खुणा जोडून तिसरं अक्षर काढणारी) करून टाकली. ते दाबून सोडायचं, मग तिरकी रेघ, मग मोठा ओ. क्र हजर. त्याच बटणानंतर उलटा स्वल्प आणि मोठा यू, की त्तही हजर. कुठलंही जादा सॉफ्टवेअर नाही. फार सुबक वाटलं मला.

सकाळी आंघोळ करून तिला खुर्चीत बसवलं. तिने तीनदा करून बघितलं. तिन्हीदा आला. वहीत लिहून घेतलं.

"आधी पाच बटणं होती, ऑल्ट धरून चार आकडे," मी म्हटलं. "आता शिफ्ट धरली तरी चारच."

"हो. पण ती बोटांत होती."

आणि मान हलवून, "चालतंय की."

मी गप्प बसलो. म्हटलं, झालं ते झालं. दुपारी जेवून झोपलो, पुण्याची गाडी सातची. साडेचारला उठलो तर आतून खडखडाट येत होता, जुना, ऑफिसातला, अडखळत नसलेला. यादी परत टाइप करत होती. वारांचा रकाना आलेला, 'अ. क्र.' आलेला. मेनूच्या बटणाकडे हात जाईल म्हणून मी दारात उभा राहून बघत होतो. गेला नाही. चक्रदेव आले तेव्हा तिने खालच्या पट्टीवर टिचकी मारली, दुसरी फाइल पुढे आली, तिच्यातून काहीतरी उचललं आणि इकडे आणून ठेवलं.

"हे काय?"

"डबी."

माझ्या त्या सपाट, हिरवट, रिकाम्या डेस्कटॉपच्या बरोब्बर मधोमध एक फाइल होती. नाव इंग्रजीत 'डबी'. उघडली तर आत पानभर पसरलेली दोन अक्षरं, बहात्तरच्या आकारात: क्र आणि त्त. काल रात्री मी मागच्या वर्षीची यादी उघडी ठेवून झोपलो होतो, तिच्यातून तिने ही दोन निवडून काढून ठेवली होती. लागलं की उचलायचं. मोहरीच्या डबीसारखं.

"आणि ते मेनूचं बटण?"

"ते पण छान आहे," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे लगेच कळलं.

वहीत 0216 ची ओळ पट्टीने खोडलेली. तिच्याखाली माझी तिरकी रेघ आणि मोठा ओ, तीही खोडलेली, पण पट्टी न घेता, हलक्या हाताने. आणि त्याखाली 'डबी'.

निघताना वाडीचा फोटो परत लावून दिला. मेमरीचं काय, म्हणून तिने विचारलं नाही. घाटाच्या पायऱ्यांवर, बरोब्बर मधोमध, ती डबी. जरा कडेला सरकवायला माउस हातात घेतला होता, मग ठेवला. गाडीत बसल्यावर आठवलं, जुन्या बारा प्रती फ्रिजवरच राहिल्या, त्यातली एक मागून घ्यायला हवी होती.